मेजावरचा समुद्र

प्रवरेकाठच्या बेलापुरासारख्या गावातील मुले पावसाळ्यात कागदाच्या होड्या पाण्यात सोडतात. होडी भिजून उलटली की खेळ संपतो. इंग्लंडमधील एका मुलाचा असाच खेळ मात्र जन्मभर संपला नाही. त्या मुलाचे नाव फ्रेड जेन.

फ्रेडचा जन्म ६ ऑगस्ट १८६५ रोजी लंडनजवळील रिचमंड येथे झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. एक्झेटर येथे शाळेत असताना तो लहान लहान नौका तयार करी आणि तळ्याच्या पाण्यात त्यांची युद्धे लावी. १८८२ साली इंग्रजी आरमाराने इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरावर तोफा डागल्या. तेव्हापासून चिलखती जहाजांची चित्रे काढण्याचा त्याला छंदच जडला. पुढे तो लंडनला आला आणि वृत्तपत्रांसाठी चित्रे काढून कसाबसा गुजराण करू लागला. नौदलात मात्र तो कधीच नव्हता.

त्या काळी शिडांच्या जहाजांचे युग सरले होते. वाफेवर चालणारी, पोलादी चिलखत ल्यालेली जहाजे आली होती. परंतु त्यांच्या मोठ्या लढाया फारशा झालेल्या नव्हत्या. मग अधिकाऱ्यांनी युद्ध शिकावे कोठे? खऱ्या समुद्रात एक चूक झाली, तर शेकडो खलाशी बुडावयाचे! या प्रश्नाला जेनने १८९८ साली आपल्या परीने उत्तर दिले. त्याने नाविक युद्धाच्या खेळाचे नियम प्रसिद्ध केले.

चौकटी आखलेला पट हा समुद्र, आणि त्यावर जहाजांच्या चिमुकल्या प्रतिकृती. प्रत्येक चाल म्हणजे युद्धातील एक मिनिट. तोफ डागावयाची तेव्हा खेळाडूसमोर शत्रूच्या जहाजाचे चित्र असलेला कागद ठेवीत. हातातील चपट्या काठीने तो त्यावर फटका मारी. काठीला एक टाचणी असे. पण ती मध्यावर नसून किंचित बाजूला बसविलेली असे. त्यामुळे नेम कितीही धरला, तरी भोक कोठे पडेल याची खात्री नसे. खऱ्या तोफेचेही तसेच नव्हे काय? भोक जाड चिलखतावर पडले तर गोळा वाया जाई. यंत्रावर पडले तर जहाज मंदावे.

हा खेळ खेळावयाचा म्हणजे प्रत्येक जहाजाचे चिलखत, तोफा आणि वेग ठाऊक हवा. त्याच वर्षी जेनने जगातील युद्धनौकांचा सचित्र ग्रंथ काढला. एका चित्रकाराने जमविलेली ही माहिती नौदलाचे अधिकारीही जवळ बाळगू लागले. खेळ मागे पडला, परंतु ग्रंथ जेनच्या नावाने पुढेही निघत राहिला.

१९०६ साली पोर्ट्समथमधून त्याने पार्लमेंटची निवडणूक लढविली. तीत तो हरला. विमाने निघताच त्यांच्याविषयीही त्याने १९०९ साली ग्रंथ काढला. स्वस्थ बसणे त्याला ठाऊकच नव्हते.

८ मार्च १९१६ रोजी, वयाच्या अवघ्या ५० व्या वर्षी त्याचे निधन झाले. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. त्याच वर्षी ३१ मे रोजी जटलंडजवळ इंग्रज आणि जर्मन आरमारांची सुमारे २५० जहाजे एकमेकांवर तुटून पडली. त्यांतील कितीतरी जहाजांची माहिती जेनच्या ग्रंथात होती.