फंक्शनला सूत्रातून सोडवणारा पोस्टमास्तरचा मुलगा

फंक्शन म्हटलं की एक्स-वायचं सूत्र आठवतं ना? दोनशे वर्षांपूर्वी बड्या गणितज्ञांच्या डोक्यातही सूत्रच असायचं. हे बदलण्यात मोठा वाटा डिरिश्ले यांचा.

आजच्या जर्मनीतल्या ड्यूरेन गावात १८०५ साली पोस्टमास्तरच्या घरी ते जन्मले. गणितासाठी १८२२ मध्ये थेट पॅरिस गाठलं. तिथे फूरिये भेटले. कोणतंही फंक्शन साइन-कोसाइनच्या बेरजेत मांडता येतं, असा फूरियेंचा दावा होता, पण सिद्धता कच्ची होती. हा दावा कोणत्या अटींवर खरा ठरतो, ते डिरिश्लेंनी १८२९ मध्ये पक्कं सिद्ध केलं.

त्याच लेखात त्यांनी एक विचित्र फंक्शन दिलं. संख्या परिमेय असेल तर एक उत्तर, अपरिमेय असेल तर दुसरं. डोमेनमध्ये सगळ्या वास्तव संख्या, रेंजमध्ये मात्र फक्त दोन! आलेख काढायला गेलात तर हात टेकाल.

१८३७ मध्ये त्यांनी मांडलं, की प्रत्येक एक्सला एकच ठरलेला वाय मिळाला की झालं, सूत्र असो वा नसो. एका एक्सला दोन वाय मिळाले, तर ते नुसतं रिलेशन, फंक्शन नव्हे.

१८५५ मध्ये गॉटिंगेनला गाउस यांच्या जागी त्यांची नेमणूक झाली. चारच वर्षांत, वयाच्या ५४ व्या वर्षी ते गेले. वर्गात आज शिकवतात ती व्याख्या त्यांच्याच वाटेवरची आहे.