शहरांवर उपचार करणारे पॅट्रिक गेडेस

शहराच्या जुन्या वस्त्या पाडून सरळ रस्ते काढणे म्हणजेच सुधारणा, अशी समजूत रूढ होती, त्या काळात तिला ठाम विरोध करणारे नगररचनाकार म्हणजे सर पॅट्रिक गेडेस. त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर येथे झाला. थॉमस हक्स्ले यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचे धडे घेतले. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. सूक्ष्मदर्शकाचे काम पुढे अवघड झाले आणि त्यांचे लक्ष मानवी समाजाकडे वळले.

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर या दांपत्याने एडिंबरोच्या जुन्या, बकाल भागातील जेम्स कोर्ट येथे बिऱ्हाड केले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन तेथे साफसफाई, रंगरंगोटी आणि फुलझाडांची लागवड सुरू झाली. पडक्या इमारती शक्यतो न पाडता त्या दुरुस्त करून वापरात आणण्याचा प्रयोग याच भागात घडला. १८९२ मध्ये त्यांनी आउटलुक टॉवर ताब्यात घेऊन तेथे नागरिकांना स्वतःच्या शहराची ओळख करून देणारे संग्रहालय उभे केले.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ मध्ये ते भारतात आले. नगररचनेचे त्यांचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविले. मित्रांनी नवी सामग्री जमवून पाठविली आणि १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरलेच. पुढे ठाणे, तंजावर, लखनौ, बलरामपूर आदी अनेक शहरांचे त्यांनी अहवाल लिहिले. आधी पायी फिरून पाहणी करावी, मगच निदान करावे आणि गरजेपुरतीच काटछाट करावी, ही त्यांची पद्धत होती. रुंद रस्त्यासाठी शेकडो कुटुंबांना बेघर करण्यापेक्षा एखादे मोडकळीस आलेले घर हटवून तेथे झाडाची सावली व मोकळी जागा निर्माण करणे त्यांना अधिक शहाणपणाचे व कमी खर्चाचे वाटे.

होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगची दहशत असताना त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीलाच स्वच्छतेचे साधन बनविले. ज्या मोहल्ल्यांत सर्वाधिक सफाई व डागडुजी होईल, तेथूनच मिरवणूक जाईल, असे जाहीर झाले आणि घरोघरी झाडू फिरू लागला. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर होता. त्याचबरोबर स्वच्छ पांढऱ्या पोशाखातील, हार घातलेले सफाई कामगारही होते. ज्यांची सावलीही टाळली जाई, त्यांना हा मान मिळाला, हे या उत्सवाचे खरे मोल. इंदूरविषयीचा त्यांचा द्विखंडी अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९१७ या एकाच वर्षी त्यांचा मुलगा ॲलिस्डेअर युद्धात मारला गेला आणि पत्नी ॲना यांचे भारतात निधन झाले. तरीही काम थांबले नाही. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाची धुरा त्यांनी स्वीकारली. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९२४ मध्ये हाच विभाग सांभाळून नावारूपाला आणला. गेडेस यांनी १९२५ मध्ये तेल अवीवचा आराखडा तयार केला. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या बहुतेक शिफारशी कागदावरच राहिल्या. परंतु पुनर्विकासात वाडे आणि चाळी दिसेनाशा होत असताना, तेथे राहणाऱ्या माणसांचे काय, हा त्यांचा प्रश्न आजही आपल्यापुढे तसाच उभा आहे.