मैहरचे बाबा

भाताचे पीक पाण्यात उभे राहते, तर हरभऱ्याला जमिनीतील ओलही पुरते. दोन्ही पिकांना सारखेच पाणी दिले, तर त्यांतील एक हातचे जाईल. जाणता शेतकरी पीक ओळखून पाणी देतो. गुरूचेही तसेच आहे. शिष्य ओळखून विद्या देणे ही गुरूची खरी कसोटी होय. या कसोटीला उतरलेले एक थोर गुरू म्हणजे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. संगीताच्या जगात ते ‘बाबा’ या नावाने ओळखले जातात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आज बांगलादेशात असलेल्या शिवपूर या खेड्यात त्यांचा जन्म झाला. शाळेत त्यांचे मन रमले नाही. संगीताच्या ओढीने लहान वयातच त्यांनी घर सोडले आणि ते कोलकात्यास आले. तेथे नुलो गोपाल या गायकाने त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले. पण बारा वर्षे केवळ स्वरसाधना करावी लागेल, अशी अट घातली. अल्लाउद्दीन यांनी ती मान्य केली. सात वर्षे साधना झाली आणि प्लेगच्या साथीत गुरूंचे निधन झाले. पोरका झालेला हा शिष्य मग वाद्यांकडे वळला. अमृतलाल दत्त यांच्याकडे त्यांनी अनेक वाद्ये आत्मसात केली. लोबो नावाच्या गोव्याच्या एका बँडमास्तरांकडून ते व्हायोलिन शिकले. पुढे अहमद अली खाँ यांचे सरोदवादन ऐकून ते भारावून गेले आणि त्यांची सेवा करून सरोद शिकू लागले.

तरीही त्यांची तहान शमली नाही. रामपूर येथे तानसेनाच्या परंपरेतील थोर बीनवादक वझीर खाँ राहत असत. त्यांच्या दारातून अल्लाउद्दीन यांना वारंवार परतावे लागले. अखेर एके दिवशी ते रामपूरच्या नबाबाच्या मोटारीसमोर आडवे झाले. नबाबाच्या शब्दामुळे शिष्यत्व मिळाले, पण विद्या काही मिळेना. दोन वर्षांहून अधिक काळ ते नुसतेच ताटकळत राहिले. गावी राहिलेल्या त्यांच्या पत्नीची दैना कानी आली, तेव्हा कुठे वझीर खाँ यांचे मन द्रवले. त्यांनी भरभरून शिकवले. मात्र बीन हे वाद्य घराण्याबाहेर देता येणार नाही, हे बंधन कायम ठेवले. विद्येच्या बंद दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे अल्लाउद्दीन यांनी असे स्वतः अनुभवले होते.

पुढे आजच्या मध्य प्रदेशातील मैहर संस्थानचे महाराज ब्रिजनाथ सिंह यांनी त्यांना आपल्याकडे बोलावले आणि ते त्यांचे शिष्य झाले. त्या काळात साथीच्या रोगाने अनेक मुले अनाथ झाली होती. बाबांनी अशा मुलांना एकत्र करून ‘मैहर बँड’ हा वाद्यवृंद उभारला. कोणाच्या हाती सतार आली, कोणाच्या हाती व्हायोलिन, तर कोणाच्या हाती तबला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी ‘नलतरंग’ नावाचे नवे वाद्यही घडवले. ज्या मुलांना घराणे तर सोडाच, घरही नव्हते, त्यांच्यासाठी बाबांनी संगीताचे दार उघडले.

बाबांची शिकवण्याची रीत मुळात साधी होती. ते गाऊन दाखवत आणि शिष्याने ते वाद्यावर उतरवावयाचे. स्वर आधी गळ्यात बसला, की तो तारेवर, गजावर किंवा फुंकेत आणता येतो, असा त्यांचा विश्वास होता. त्यामुळेच एका गुरूच्या हाताखाली निरनिराळ्या वाद्यांचे कलावंत घडू शकले. पन्नालाल घोष बासरी घेऊन आले, तर मराठी व्हायोलिनवादक वि. गो. जोग व्हायोलिन घेऊन आले.

वाद्य निवडतानाही बाबा शिष्याची प्रवृत्ती पाहत. थोरल्या मुलीला संगीतामुळे सासरी त्रास सोसावा लागला होता. म्हणून धाकट्या अन्नपूर्णेला शिकवायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. एके दिवशी ते बाहेरून परतले, तेव्हा ही लहान मुलगी आपला भाऊ अली अकबर याची चूक सुधारत असल्याचे त्यांच्या कानी पडले. केवळ ऐकून तिने सारे टिपले होते. बाबांनी आपला निश्चय मोडला आणि तिचे शिक्षण सुरू केले. पुढे तिची शांत, निर्लोभी वृत्ती पाहून त्यांनी तिच्यापुढे सुरबहार ठेवला. सतारीला लोकांची दाद सहज मिळते, सुरबहार मात्र मोजक्या जाणकारांनाच रुचतो, हेही त्यांनी तिला आधीच स्पष्टपणे सांगितले. अन्नपूर्णेने सुरबहारच पत्करला.

बाबा अत्यंत रागीट होते. अली अकबर यांच्याकडून ते दिवसाचे अनेक तास रियाज करून घेत आणि चुकीला मारही बसे. हा जाच असह्य होऊन अली अकबर एकदा घरातून पळूनही गेले. ते पुढे श्रेष्ठ सरोदवादक झाले, ही गोष्ट खरी. परंतु म्हणून त्या माराचे समर्थन करता येणार नाही.

रविशंकर १९३८ साली मैहरला शिकावयास आले. परदेशांतील नृत्यमंचावर वाढलेला हा तरुण हळव्या मनाचा होता. एकदा धडा नीट न जमल्याने बाबांनी त्यांना बांगड्या भरण्यास सांगितले. अपमानित झालेले रविशंकर सामान बांधून निघण्याच्या तयारीला लागले. अली अकबर यांनी समजूत घातली आणि बाबांचेही मन विरघळले. ज्या रागाने एक शिष्य पळाला होता, त्याच रागाने दुसरा कायमचा दुरावला असता. पुढे रविशंकर यांच्या बाबतीत बाबांनी आपला राग आवरला. शिष्याला घडवता घडवता गुरूलाही स्वतःला मुरड घालावी लागते, हे या प्रसंगातून दिसते.

काही वर्षांनी निखिल बॅनर्जी मैहरला आले. त्यांचेही वाद्य सतारच होते. एका शिष्याला यश मिळवून देणारा मार्ग दुसऱ्यालाही दाखवणे बाबांना सोपे होते. पण निखिल यांचा पिंड अंतर्मुख होता. बाबांनी तो ओळखला आणि त्यांच्यासाठी वादनाची निराळी वाट आखली. वाद्य एक, गुरू एक, तरीही दोन शिष्यांचे वादन ऐकताक्षणीच वेगळे ओळखू येते.

भारत सरकारने बाबांना १९५८ साली पद्मभूषण आणि १९७१ साली पद्मविभूषण देऊन गौरवले. ६ सप्टेंबर १९७२ रोजी मैहर येथे त्यांचे निधन झाले. स्वरांची शुद्धता आणि रियाजाची निष्ठा यांत त्यांनी कोणालाही सूट दिली नाही. मात्र तेथपर्यंत पोहोचण्याची वाट प्रत्येकाला त्याच्या पावलांप्रमाणे आखून दिली. म्हणूनच त्यांचे शिष्य एकमेकांसारखे झाले नाहीत. प्रत्येक जण स्वतःसारखा झाला.