मेंदूत नव्या पेशी येत नाहीत, असं सांगणाऱ्या नोबेलवाल्याचं आपण अर्धंच ऐकलं

साठी बुद्धी नाठी. आमच्या बुलढाण्याकडं डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणाऱ्या आजोबांना हे हमखास ऐकावं लागतं. घरात कोणी बारावी सायन्सवाला असला, तर तो वरून जोडतो की मेंदूच्या पेशी एकदा मेल्या की परत येत नसतात.

ही दुसरी गोष्ट नेमकी आली कुठून? शोधत गेलं की आपण थेट स्पेनमध्ये पोहोचतो. माणसाचं नाव सांतियागो रामोन इ काहाल.

जन्म १ मे १८५२ चा. वडील डॉक्टर, पोरगं मात्र एक नंबरचं उनाड. अकराव्या वर्षी घरीच तोफ बनवून त्यानं शेजाऱ्याचं फाटक उडवलं आणि कोठडीची हवा खाल्ली. त्याला चित्रकार व्हायचं होतं. वडिलांना ते साफ नामंजूर. त्यांनी त्याला न्हाव्याकडं आणि बूट बनवणाऱ्याकडं कामाला लावून पाहिलं, तरी गडी सुधारेना.

मग वडिलांनी वेगळीच शक्कल लढवली. कब्रस्तानातून माणसाची हाडं आणली आणि पोराला शरीरशास्त्र शिकवायला बसले. हाडं काढता काढता पोराला गोडी लागली. १८७३ मध्ये तो डॉक्टर झाला, लष्करात भरती होऊन क्युबाला गेला आणि मलेरिया घेऊन परत आला.

खरी कहाणी सुरू होते १८८७ मध्ये. इटलीच्या कॅमिलो गॉल्जीनं मेंदूचे काप चांदीच्या क्षारानं रंगवायची पद्धत शोधली होती. तिची गंमत अशी की हजारो पेशींतल्या मोजक्याच काळ्या होतात, पण त्या मुळापासून शेंड्यापर्यंत दिसतात. काहालनं माद्रिदमध्ये असा काप पाहिला आणि तो येडाच झाला. ती पद्धत त्यानं सुधारली आणि दिसेल ते कागदावर उतरवत सुटला. वडिलांना नको असलेली चित्रकला इथं कामाला आली.

तेव्हा गॉल्जीसकट बऱ्याच जणांना मेंदू म्हणजे एकसंध जाळं वाटायचं. काहालनं दाखवलं की प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं, आणि गॉल्जीनं आपल्या नोबेल भाषणातच काहालच्या सिद्धांतावर हल्ला चढवला. एकाच स्टेजवर एवढं अवघडलेलं वातावरण क्वचितच झालं असेल.

पुढं काहालनं जनावरांच्या नसा कापून त्या परत वाढतात का, हे तपासलं. हातापायाची नस पुन्हा वाढायची. मेंदूतले आणि मज्जारज्जूतले तंतू मात्र थोडे फुटायचे आणि थांबायचे. १९१३-१४ च्या ग्रंथात त्यानं निष्कर्ष काढला, की प्रौढ मेंदूतले मार्ग ठरून गेलेले असतात, तिथं मरण आहे, नव्यानं उगवणं नाही. मात्र लगेच पुढं त्यानं हेही लिहिलं, की जमलं तर हा कठोर निवाडा बदलणं हे उद्याच्या विज्ञानाचं काम आहे.

जगानं पहिला भाग पाठ केला. दुसरा विसरला.

यात काहालची चूक म्हणावी, तर तेही बरोबर नाही. त्याची पद्धत म्हणजे फोटो. पेशी कशी दिसते ते कळेल, ती कधी जन्मली ते कळणार नाही. त्यासाठी मतदानाच्या शाईसारखी खूण हवी, म्हणजे त्या दिवशी आलेल्याच्याच बोटाला लागणारी. अमेरिकेत जोसेफ ऑल्टमननं १९६० च्या दशकात तेच केलं. पेशी विभागताना नवा डीएनए बनतो, त्यात शिरणारं किरणोत्सर्गी थायमिडीन त्यानं उंदरांना टोचलं. प्रौढ उंदरांच्या मेंदूत खूण लागलेल्या चेतापेशी सापडल्या. पण काहालचं नाव एवढं मोठं, की ऑल्टमनकडं अनेक वर्षं कोणी फारसं लक्ष दिलं नाही. काहालला याचं वाईटच वाटलं असतं, असं मला वाटतं.

१९९८ मध्ये माणसातही पुरावा मिळाला. उपचारादरम्यान अशीच खूण करणारं रसायन दिलेल्या कॅन्सर रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तेव्हा हिप्पोकॅम्पस या स्मरणशक्तीशी जोडलेल्या भागात नव्या चेतापेशी दिसल्या. आपल्याकडं मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य यांनी ताणतणाव, सेरोटोनिन आणि नैराश्यावरच्या औषधांचा या नव्या पेशींवर काय परिणाम होतो, यावर काम केलंय. २०१५ चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळालाय.

वाद मात्र मिटलेला नाही. २०१८ मध्ये एका गटाला प्रौढ माणसात अशा पेशी सापडल्याच नाहीत, आणि महिनाभरातच दुसऱ्या गटाला ७९ वर्षांपर्यंतच्या मेंदूत सापडल्या. त्यामुळं नव्या पेशी उगवणारी पावडर कोणी व्हॉट्सॲपवर विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवा. चाकावर पळणाऱ्या उंदरांत नव्या पेशी वाढतात, हे दिसलंय. माणसाबाबत तेवढं ठामपणे सांगता येत नाही.

१७ ऑक्टोबर १९३४ ला काहाल माद्रिदमध्ये वारला. २०१९ मध्ये त्याच माद्रिदच्या एका प्रयोगशाळेनं ४३ ते ८७ वयाच्या निरोगी माणसांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. त्यांत हजारो कोवळ्या चेतापेशी सापडल्या. अल्झायमर झालेल्यांमध्ये त्या बऱ्याच कमी होत्या.