शिक्षणाचा पैसा आणि जोतीराव फुले

महात्मा जोतीराव फुल्यांचे नाव निघाले की भिडे वाड्यातील १८४८ ची मुलींची शाळा आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु शाळेचा पैसा येतो कोणाकडून व खर्च होतो कोणावर, हा प्रश्नही त्यांनी तितक्याच तळमळीने मांडला होता. त्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. वडील गोविंदराव फुलांचा धंदा व शेती करीत. मुलाला थोडे लिहिता-वाचता येताच शाळेतून काढून त्यांनी शेतात घातले. पुढे मुनशी गफार बेग व लिजिट साहेब यांनी त्यांची समजूत घातली, तेव्हा १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो. आमच्या अकलोलीच्या घरातून माझ्याआधी कॉलेजात कोणी गेले नव्हते, आणि दहावीनंतर 'आता पुरे' हे मीही ऐकले आहे.

मुलींच्या शाळा, अस्पृश्यांच्या शाळा, १८७३ चा सत्यशोधक समाज, पुणे नगरपालिकेतील काम हे सर्व सुपरिचित आहे. १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन आले. १९ ऑक्टोबर रोजी जोतीरावांनी त्यापुढे निवेदन दिले. त्यांचा मुद्दा शेतकऱ्याच्या हिशेबासारखा रोखठोक होता. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो रयतेच्या घामातून, आणि शिक्षणखाते तो ओतते वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. म्हणून निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, लोकल फंडाचा निम्मा भाग त्यासाठी काढावा, खेड्यातील शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, अशा मागण्या त्यांनी केल्या.

याहून पुढची गोष्ट अशी, की सर्वांना एकच माप लावण्यास त्यांनी नकार दिला. शिष्यवृत्त्या केवळ चढाओढीने दिल्या तर त्या शिकलेल्यांच्याच घरात जाणार. म्हणून काही शिष्यवृत्त्या ज्या वर्गांत शिक्षण पोचलेच नाही त्यांच्यासाठी राखाव्यात, असे त्यांनी सुचविले. (आजही स्कॉलरशिपच्या परीक्षेत शिकवणी परवडणारा पुढे असतोच की!) महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा, मुलांना बक्षिसे, शिक्षकांना मुलांच्या संख्येप्रमाणे भत्ता हेही त्यांनी मागितले. परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब, अशिक्षित समाजाला उपयोगी नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. जेथे विद्येची गोडीच लागलेली नाही तेथे निकाल कोठून येणार, आणि अशा ठिकाणी स्वतःच्या हिमतीवर शाळा काढून शिक्षक खाणार काय?

कमिशनने प्राथमिक शाळांना निकालावर अनुदान देण्याचीच शिफारस केली. सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सुरू केले. ते पाहण्यास जोतीराव नव्हते. १८८८ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने लिहून त्यांनी आपला शेवटचा ग्रंथ पुरा केला, आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.