शांतिनिकेतनातील नाताळ

आपल्याकडील शाळकरी मुलांना नाताळ ठाऊक असतो तो मुख्यत्वे सुट्टीच्या रूपाने. दिवाळी असो, ईद असो वा नाताळ असो, त्या दिवशी शाळेने दाराला कुलूप घालावे आणि ज्याने त्याने आपला सण आपल्या घरी साजरा करावा, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यात कोणाचा उपमर्द होत नाही, हे खरे. परंतु एका बाकावर बसणाऱ्या मुलांनी एकमेकांच्या श्रद्धा ओळखाव्यात कशा, या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनी हा प्रश्न स्वतःच्या शाळेत चाळीस वर्षे हाताळला आणि तो हाताळताना त्यांना स्वतःचीच काही मते मोडावी लागली. त्यांच्या कवित्वाविषयी आपण पुष्कळ ऐकतो. आजच्या दिवशी त्यांच्या चरित्राची ही बाजू पाहावी.

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ रोजी कलकत्त्यातील जोडासाँको येथे झाला. वडील महर्षी देवेंद्रनाथ हे ब्राह्मसमाजाचे धुरीण, निराकार ईश्वराचे उपासक. हे वातावरण मराठी वाचकाला परके वाटू नये. १८७८ साली विलायतेस जाण्यापूर्वी तरुण रवींद्रनाथ मुंबईत ज्यांच्या घरी राहिले, ते डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर आपल्या प्रार्थनासमाजाच्या संस्थापकांपैकीच होते. देवेंद्रनाथांनी बीरभूम जिल्ह्यातील माळरानावर १८६३ साली जागा घेतली होती. तेथील शांतिनिकेतनासाठी १८८८ साली त्यांनी विश्वस्तपत्र केले. या आवारात मूर्तिपूजा होऊ नये, कोणत्याही धर्माची वा त्याच्या उपास्याची निंदा होऊ नये आणि वर्षातून एकदा मेळा भरावा, अशी त्यातील कलमे होती. १८९१ साली पौष ७ या तिथीस तेथे काचेच्या भिंतींचे उपासनागृह उभे राहिले. त्यात मूर्ती नव्हती.

याच आवारात २२ डिसेंबर १९०१ रोजी रवींद्रनाथांनी पाच-सहा मुलांची शाळा काढली. नाव ब्रह्मचर्याश्रम. प्राचीन तपोवनाचे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे होते. मुलांनी अनवाणी चालावे, भगवी वस्त्रे नेसावीत, शाकाहार करावा, पहाटे ध्यानास बसावे, असा दंडक होता. गंमत अशी की, या तपोवनाची घडी बसविण्यास ज्यांचे साहाय्य झाले, ते ब्रह्मबांधव उपाध्याय जन्माने बंगाली ब्राह्मण असले तरी धर्माने रोमन कॅथॉलिक होते. त्यांचे सिंधी सहकारी रेवाचंद हेही कॅथॉलिकच. हे दोघे वर्षभराच्या आतच निघून गेले.

ख्रिस्ती शिक्षक चालले, पण जात मात्र दाराशी उभी राहिली. १९०२ साली कुंजलाल घोष हे ब्राह्मणेतर शिक्षक आले, तेव्हा ब्राह्मण विद्यार्थ्यांनी त्यांच्या पायांना हात लावून प्रणाम करावा की नाही, असा वाद निघाला. रवींद्रनाथांनी निर्णय दिला तो असा, की हिंदू समाजाच्या रीतीविरुद्ध काही या विद्यालयात होऊ नये. ब्राह्मण अध्यापकांना मुलांनी प्रणाम करावा, इतरांना नमस्कार पुरे. पंक्तीही वेगळ्याच बसत. पुढे साऱ्या जगाला आपल्या अंगणात बोलावणाऱ्या कवीच्या हातून हा निर्णय झाला, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्यांचा नंतरचा प्रवास किती लांबचा होता, हे त्यावरूनच कळते.

तो प्रवास सुखाचा नव्हता. शाळेसाठी अंगावरचे दागिने देणाऱ्या पत्नी मृणालिनीदेवी १९०२ च्या नोव्हेंबरात वारल्या. १९०५ साली वंगभंगाच्या दिवशी रवींद्रनाथांनी हिंदू-मुसलमानांना राख्या बांधल्या. पण लवकरच बंगालमध्ये दंगे उसळले आणि ते त्या चळवळीतून दूर झाले. कर्मठ हिंदुत्वाचा अभिमान मिरविणारा नायक जन्माने हिंदूच नव्हता असे उघड होते, ती ‘गोरा’ कादंबरी याच काळातली. ती लिहिताना लेखक आपल्या कालच्या स्वतःशीच भांडत असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही.

शाळेतील सणांना मात्र वळण दिले ते एका मुलाने. धाकटा मुलगा शमींद्रनाथ याने १९०७ च्या वसंतात सवंगड्यांना जमवून आश्रमात ऋतूंचा उत्सव केला. मुलांनी ऋतूंची सोंगे घेतली, गाणी म्हटली. त्याच वर्षी मुंगेर येथे कॉलऱ्याने शमी गेला. वय अवघे दहा वर्षांचे. आणि बंगाली पंचांगातील तिथी आईच्याच मृत्यूची, अग्रहायण ७. पुढल्या वर्षी रवींद्रनाथांनी मुलांसाठी ‘शारदोत्सव’ हे नाटक लिहिले. बंगाली घरांत दुर्गापूजेची धामधूम असते, त्या शरद ऋतूचे हे नाटक. आश्रमात दुर्गेची मूर्ती येऊ शकत नव्हती. पूजेच्या सुट्टीत मुले घरी जात. पण आकाश, कास, शेफालीची फुले कोणा एका धर्माची नव्हेत. वसंतोत्सव, वर्षामंगल, वृक्षारोपण ही पुढची परंपरा या वाटेने आली.

ऋतूंचे सण सर्वांचे करणे त्या मानाने सोपे. एका विशिष्ट धर्माच्या संस्थापकाचा दिवस शाळेत आणणे अवघड. १९१० च्या २५ डिसेंबरला ते रवींद्रनाथांनी केले. पौष मेळ्याची वर्दळ ओसरत असतानाच काचमंदिरात ख्रिस्तजन्माची उपासना झाली आणि त्यांनी स्वतः ख्रिस्तावर प्रवचन केले. पुढे तो आश्रमाचा वार्षिक ख्रिस्तोत्सव झाला. बुद्ध, चैतन्य यांच्या स्मरणाचे दिवसही पाळले जाऊ लागले. यात कोणाला धर्मांतर करावयाचे नव्हते, कोणाचे विधी उसने घ्यावयाचे नव्हते. मिशनऱ्यांच्या वादविवादात सापडलेला ख्रिस्त बाजूला ठेवून दीनदुबळ्यांशी एकरूप झालेला मानवपुत्र मुलांना दाखवावयाचा होता. श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाला हा ख्रिस्त अपुरा वाटेल, कारण पुनरुत्थित प्रभूला येथे जागा नव्हती. आणि ती तक्रार अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. आपल्या मंदिरात दुसऱ्याला बोलावताना यजमानाने घरचे नियम मात्र मोडले नव्हते.

आणि खरी कसोटी उपासनेत नव्हती, पंक्तीत होती. १९११ साली एका मुसलमान मुलाच्या प्रवेशाचा प्रश्न आला. त्याला घ्यावे, ज्यांची हरकत नसेल त्यांनी त्याच्याबरोबर जेवावे, असा आग्रह रवींद्रनाथांनी सहकाऱ्यांना पत्र लिहून धरला. शाळा तयार नव्हती. ख्रिस्ताचा दिवस साजरा होऊन वर्षही झाले नव्हते, आणि शेजारच्या धर्माचा जिवंत मुलगा दाराबाहेर राहिला! सैयद मुज्तबा अली, पुढचे नामवंत बंगाली लेखक, शांतिनिकेतनात आले ते १९२१ साली. तेथील पहिल्या मुसलमान विद्यार्थ्यांत त्यांची गणना होते. त्याच वर्षी २३ डिसेंबरला विश्वभारतीची रीतसर स्थापना झाली.

मधल्या दशकात आश्रमाचा चेहरा पालटत होता. क्षितिमोहन सेन यांनी कबीर, दादू यांची वाणी आणली. चार्ल्स फ्रीअर अँड्रूज हे अँग्लिकन धर्मोपदेशक १९१४ साली कायमचे राहावयास आले. आपले काकासाहेब कालेलकरही त्या सुमारास तेथे शिकवीत होते. गांधीजींची आणि त्यांची पहिली भेट १९१५ साली तेथलीच. साप्ताहिक सुट्टी मात्र रविवारची झाली नाही. ब्राह्मसमाजाच्या उपासनेचा वार म्हणून ती बुधवारचीच राहिली.

१९३० साली जर्मनीत ओबरआमरगाऊ येथे ख्रिस्ताच्या यातनांचे नाट्य रवींद्रनाथांनी पाहिले आणि त्या प्रभावाखाली एक दीर्घ काव्य थेट इंग्रजीत लिहिले. त्याचेच बंगाली रूप ‘शिशुतीर्थ’. १९३९ चा नाताळ आला तेव्हा युरोपात महायुद्ध पेटून चार महिने होत आले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कवीने ख्रिस्तोत्सवासाठी नवे गीत रचले. त्यात पाळणा नव्हता, तारा नव्हता. संहाराला निघालेली राष्ट्रे त्याच प्रभूच्या मंदिरात गुडघे टेकतात, याची जळजळ होती. पुढल्या एप्रिलच्या ५ तारखेस अँड्रूज कलकत्त्यास निवर्तले आणि ७ ऑगस्ट १९४१ रोजी जोडासाँकोच्या त्याच जन्मघरी रवींद्रनाथ गेले.