सरळ केलेले दात पुन्हा का सरकतात? एडवर्ड अँगल यांचं आयुष्य याच कोड्यात गेलं

कॉलेजात असताना सरळ असलेले खालचे पुढचे दात चाळिशीत एकमेकांवर चढायला लागतात. दाढ काढली की शेजारची दाढ त्या खड्ड्याकडे झुकते. दात तर हाडात पक्के रोवलेले असतात, मग ते जागा सोडतात कसे?

या प्रश्नाभोवती ज्यांचं अख्खं आयुष्य फिरलं, ते म्हणजे डॉ. एडवर्ड अँगल. दातांना तारा बसवण्याच्या आधुनिक शास्त्राचे ते जनक मानले जातात.

कोण होते अँगल?

१ जून १८५५ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात त्यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचं, पण पोराचा ओढा यंत्रांकडे. १८७८ मध्ये ते दंतवैद्य झाले. तेव्हा वेडेवाकडे दात सरळ करायला प्रत्येक डॉक्टर आपापली जुगाडं वापरायचा. ठरलेली पद्धत अशी नव्हतीच.

अँगल यांनी ती घालून दिली. १८९९ मध्ये त्यांनी वरची पहिली मोठी दाढ प्रमाण मानून वाकड्या दातांचे तीन वर्ग पाडले. सव्वाशे वर्षं झाली, तरी दंत महाविद्यालयात आजही हेच वर्ग शिकवतात. १९०० मध्ये सेंट लुईस शहरात त्यांनी फक्त या विषयाची शाळा काढली.

दात हलतो कसा?

दाताचं मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. दोघांच्या मध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, साधारण पाव मिलिमीटरचा. दातावर सतत हलका दाब आला की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं हाड तयार होतं. असा दात हळूहळू सरकतो. तारांचा सगळा खेळ यावरच चालतो.

पण हाड हे ओळखत नाही की दाब डॉक्टरच्या तारेचा आहे की जिभेचा, ओठांचा की शेजारच्या दाताचा. म्हणून तारा नसतानाही दात सरकतात. वय वाढतं तसे ते थोडे पुढे येतात आणि खालच्या दातांची दाटी होते. हिरड्यांच्या आजारात हाडच झिजतं, मग पुढच्या दातांत फटी पडतात.

गुरूचा हट्ट, शिष्याचा शोध

अँगल यांचं ठाम मत होतं की एकही दात काढायचा नाही. सगळे दात नीट जुळवले की चावण्याच्या जोरावर हाड त्यांच्याभोवती घडेल आणि दात टिकतील. ११ ऑगस्ट १९३० रोजी त्यांचं निधन झालं, तोपर्यंत ते या मतावर कायम होते.

त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी सुरुवातीला गुरूचा नियम पाळला. पण बऱ्याच रुग्णांचे दात पुन्हा सरकले. मग त्यांनी काही रुग्णांचे चार दात काढून उपचार नव्याने केले आणि १९४० मध्ये अशा १०० रुग्णांचे निकाल डॉक्टरांपुढे मांडले. गुरूचा नियम मोडला, पण अवजार गुरूचंच राहिलं. अँगल यांनी १९२० च्या दशकात बनवलेल्या चौकोनी खाचेच्या ब्रॅकेटवरच आजच्या ब्रेसेस उभ्या आहेत.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

हिंगोली-वाशिम रस्त्यावरचं कनेरगाव नाका असो की मुंबई, दाढ दुखली की काढून टाकायची आणि जागा तशीच सोडायची, हे सगळीकडे चालतं. पण त्या जागेत शेजारची दाढ झुकते, समोरची लांबते, तिथे अन्न अडकतं आणि चांगले दातही किडतात. म्हणून दाढ काढतानाच रिकाम्या जागेचं काय करायचं, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

तारा काढल्यावर डॉक्टर रिटेनर देतात, तोही ड्रॉवरमध्ये टाकू नका. दात सरळ झाले म्हणजे काम संपलं असं नाही, ते जागेवर धरून ठेवावे लागतात. आणि पुढच्या दातांत अचानक फट दिसू लागली, तर आधी हिरड्या तपासून घ्या.